डोसचा कागद ज्याचा त्याच्या हातात द्या

जालन्याला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. रुग्ण जरा गंभीर झाला की गाडी काढायची आणि साठेक किलोमीटरवरचं घाटी रुग्णालय गाठायचं, हे आमच्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं चालत आलं आहे. आता ते हळूहळू कमी होईल. शंभर जागांचं महाविद्यालय उभं राहतं तेव्हा मागोमाग रक्तपेढी मोठी होते, सीटी येतो, शस्त्रक्रियागृहात सी-आर्म ही एक्स-रेची आणखी यंत्रं येतात, पुढे कधीतरी कर्करोगाचा विभाग येतो आणि त्याच्यासोबत ब्लड इरॅडिएटरची मागणीही येते. यंत्र आलं की फीत कापली जाते, फोटो छापून येतात. माझं मागणं यंत्र येण्याच्या आधीचं आहे. किरणोत्साराच्या यंत्राजवळ जो कोणी रोज उभा राहतो, त्याच्या स्वतःच्या नावाचा डोस बॅज असावा आणि त्या बॅजवर काय निघालं, याचा कागद त्याच्याच हातात पडावा.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून आयुष्य काढलं. त्यातली बरीच वर्षं मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात इरॅडिएटरच्या शेजारच्या खोलीत गेली. निवृत्त होऊन जालन्याला परत आले आणि आता डीएमएलटीच्या मुलामुलींना शिकवते. भोकरदन, परतूर, मंठा, घनसावंगी अशा गावांतून ही मुलं येतात. त्यांतली निम्मी पुढे कुठल्यातरी रुग्णालयात अशा यंत्रांच्या आसपास कामाला लागणार आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

इरॅडिएटर लोकांना माहीत नाही, कारण रुग्णाला तो कधी दिसत नाही. माणसाच्या उंचीचं लोखंडी यंत्र असतं; वजन मात्र टनांत, कारण आत शिशाचं जाड कवच आणि त्याच्या पोटात कोबाल्ट-६० किंवा सीझियम-१३७ चा स्रोत. रक्ताच्या पिशव्या कॅनिस्टरमध्ये भरायच्या, दार लावायचं, वेळ लावायची, बटण दाबायचं. कॅनिस्टर स्रोतासमोर जातो, ठरलेली मिनिटं थांबतो आणि परत येतो. पिशवीला एक खास लेबल लावलेलं असतं. आत जाताना त्यावर ‘नॉट इरॅडिएटेड’ असं वाचता येतं. किरण पुरेसे मिळाले की त्यातला ‘नॉट’ झाकला जातो. कोबाल्ट ५.२७ वर्षांत निम्मा होतो, म्हणजे महिन्याला साधारण एक टक्का उतरतो. त्यामुळे मिनिटांचा तक्ता सतत दुरुस्त करत राहावं लागतं. सीझियमला निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात. नवी मुंबईत वाशीला अणुऊर्जा विभागाची ‘ब्रिट’ ही संस्था हे यंत्र बनवते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं अणुभट्टीच्या कचऱ्यातून सीझियम वेगळा काढून तो काचेत बसवण्याचं तंत्र विकसित केलं, ही मला फार अभिमानाची गोष्ट वाटते. परदेशातल्या जुन्या यंत्रांत सीझियम क्लोराइडची भुकटी असायची. भुकटी पाण्यात विरघळते आणि वाऱ्यावर उडते. काचेतला सीझियम तसा सहज पसरत नाही.

रक्ताला किरण द्यायचे तरी कशाला? दात्याच्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. सुदृढ माणसाचं शरीर परक्या पेशी मारून टाकतं. पण ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे, म्हणजे ब्लड कॅन्सरचं मूल, बोन मॅरो बदललेला रुग्ण किंवा आईच्या पोटातच रक्त चढवावं लागलेलं बाळ, त्याच्या शरीरात त्या पेशी तग धरतात, वाढतात आणि त्याच्याच त्वचेवर, यकृतावर, आतड्यावर, अस्थिमज्जेवर चालून जातात. एकदा हे सुरू झालं की शंभरातले नव्वदांहून अधिक रुग्ण दगावतात. औषध जवळपास नाही. आधीच टाळणं एवढंच हातात असतं. आणि आपल्याकडची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ‘बाहेरचं रक्त नको, घरचंच घ्या’ असा आग्रह मी हजारदा ऐकला आहे. भाऊ बाही वर करून उभा असतो, मुलगा उभा असतो. त्यामागची माया मला कळते. पण जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पेशी रुग्णाच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात की शरीराला त्या परक्या म्हणून ओळखूच येत नाहीत. म्हणून सख्ख्या नात्यातल्या माणसाचं रक्त त्याच रुग्णाला द्यायचं असेल तर ते किरण देऊनच द्यावं लागतं. रक्ताचे आजार आणि कर्करोग यांचे रुग्ण जालन्यातच उपचार घेऊ लागले की हे यंत्र इथेही लागणार, ते याच कारणानं.

या कामासाठी पिशवीच्या मध्यभागी २५ ग्रे आणि कुठेही १५ ग्रेपेक्षा कमी नाही, एवढा डोस द्यावा लागतो. याचा अंदाज यावा म्हणून सांगते: माणसाच्या अख्ख्या शरीराला एकदम ४ ते ५ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं वाचत नाहीत. एवढी ताकद त्या कवचाच्या आत बसलेली असते आणि बाहेर एक पंचवीस वर्षांची मुलगी पिशव्या मोजत असते.

आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगते, कारण लोकांना घाबरवून मला काही मिळवायचं नाही. कवच नीट असेल, दाराचं इंटरलॉक चालू असेल, सर्व्हे मीटरनं वेळच्या वेळी मोजणी होत असेल, तर इरॅडिएटरजवळ काम करणाऱ्याला मिळणारा डोस अगदी थोडा असतो. किरण दिलेली पिशवी स्वतः किरणोत्सारी होत नाही. ती हातात धरणाऱ्याला काही होत नाही, चढवून घेणाऱ्यालाही नाही. सी-आर्मजवळ वाकून हाड जुळवणाऱ्या सहायकाला रक्तपेढीतल्या तंत्रज्ञापेक्षा कितीतरी जास्त डोस मिळू शकतो. अणुऊर्जा नियामक मंडळानं किरणोत्साराजवळ काम करणाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा घातली आहे. कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही. सामान्य नागरिकासाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. नीट चाललेल्या रक्तपेढीत बॅजवर बहुतेक तिमाहींना शून्यच येतं.

मग शून्यच येणार असेल तर बॅज कशाला, असं मला डॉक्टरांनीही विचारलं आहे. मला वाटतं, सगळी गडबड या प्रश्नातच आहे.

शून्य आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. कवचात फट पडली, ड्रॉवर मध्येच अडकला, इंटरलॉक बिघडला, कोणी घाईत दुरुस्तीला हात घातला, तर त्या दिवशी काय घडलं याची साक्ष देणारी एकच वस्तू त्या माणसाच्या छातीवर असते. ती त्या दिवशी नसेल तर नंतर नुसते अंदाज. शिवाय शून्याचं मोल माणसाच्या घरी कळतं. एक्स-रे विभागात काम करणाऱ्या मुलीला मूल होत नाही, अशी समजूत मराठवाड्यात अजून आहे. स्थळ पाहायला आलेली माणसं विचारतात. मुलगी ‘तसं काही नसतं’ एवढंच म्हणू शकते. तिच्याजवळ वर्षावर्षाचा डोसचा कागद असेल, त्यावर शून्य किंवा शून्याजवळचे आकडे असतील, तर ती तो दाखवू शकते. गरोदर राहिली आणि तिनं तसं कळवलं, तर पुढच्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टच्या वर डोस जाता कामा नये, असा मंडळाचा दंडक आहे. तोवरचा डोस किती हेच माहीत नसेल तर हा दंडक पाळणार कसा? आणि उद्या कोणाला खरोखरच आजार जडला, तर तो कामामुळे की आणखी कशामुळे, याचा न्याय त्या नोंदीशिवाय होत नाही. नोंद दोन्ही बाजूंनी खरं बोलते. मालकाला तिची भीती वाटायचं काही कारण नाही.

हा बॅज म्हणजे प्लास्टिकची छोटी डबी. टीएलडी बॅज म्हणतात त्याला. आत अॅल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यात डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या. एकीवर धातूचं झाकण, दुसरीवर प्लास्टिकचं, तिसरी उघडी. तिन्हींवर किती साठलं हे ताडून किरण कोणत्या जातीचे होते तेही सांगता येतं. चकती तापवली की तीन महिने साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते आणि तो प्रकाश मोजायचा. सोपं, स्वस्त, भरवशाचं तंत्र आहे आणि ते आपल्या तुर्भ्यात घडलेलं आहे. दर तिमाहीला जुनी कार्डं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातात, नवी येतात. सोबत एक कंट्रोल कार्ड असतं, ते यंत्रापासून दूर ठेवायचं. कोणाच्या कार्डावर एका तिमाहीत १० मिलिसिव्हर्टच्या वर निघालं तर नियामक मंडळ चौकशी करतं. देशभरातल्या नोंदी भाभा केंद्राच्या राष्ट्रीय डोस नोंदवहीत जमा होतात.

व्यवस्था इतकी चांगली आहे. पण ती तालुक्याच्या गावापर्यंत येता येता काय होते, ते मी पाहिलं आहे. बॅज आहेत, पण टेबलाच्या खणात. तपासणीला कोणी येणार असलं की छातीवर. बॅज एप्रनला लावलेला, आणि एप्रन एक्स-रेच्या खोलीतच खुंटीला टांगलेला; म्हणजे रात्रंदिवस किरण खातो तो एप्रन आणि आकडा चढतो माणसाच्या नावावर. बॅज खिशात राहून कपड्यांबरोबर धुतला गेलेला. बॅज डॉक्टरांच्या नावाचा, पण सी-आर्म धरतो वेगळाच मुलगा. माझा एक जुना विद्यार्थी जालन्यातल्या एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रियागृहात काम करायचा. मी विचारलं, “बॅज कुठंय रे तुझा?” म्हणाला, “मॅडम, आमच्यात दोनच बॅज हायेत, सरांचे. आम्ही तर रोजंदारीवर.” हाडांची कामं तिथे दिवसभर चालतात. पडद्यावर हाड दिसावं म्हणून पाय जो धरून ठेवतो, तो हाच मुलगा.

आणि मावशी-मामा. रुग्णालयात राहिलेल्या कोणालाही ही दोन नाती माहीत आहेत. फरशी पुसणाऱ्या मावशी, सिलिंडर ढकलणारे, पिशव्यांची पेटी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणारे मामा. इरॅडिएटरच्या खोलीत तंत्रज्ञ दिवसातून काही मिनिटं असतो. मावशी पोछा मारायला तिथे जातेच आणि दारावरची तीन पात्यांची पिवळी खूण म्हणजे काय, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. माझ्या खोलीत काम करणाऱ्या मावशींना मी ती खूण समजावून सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “मग बाई, ह्यो बिल्ला मला का न्हाई?” त्यांच्या या प्रश्नाला मी आजही उत्तर शोधते आहे. नियमानं बोलायचं तर ज्या खोलीत डोस मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे तिथे प्रत्येकाला बॅज द्यावाच लागतो असं नाही. खोलीत लावलेल्या मॉनिटरवरूनही हिशोब काढता येतो. पण मग तो हिशोब मावशींना सांगितला पाहिजे, त्यांच्या भाषेत, भिंतीवर मराठीत लिहून. आज मोठ्या रुग्णालयांतलं हे काम कंत्राटावर असतं. एजन्सी बदलली की माणूस बदलतो, किंवा माणूस तोच राहतो आणि कागदावरचा मालक बदलतो. त्या अदलाबदलीत डोसची नोंद तुटते. खरं म्हणजे नव्या ठिकाणी रुजू होताना जुना टीएलडी क्रमांक कळवला तर नोंद जोडता येते. हे कोणी सांगतच नाही.

कायद्यात पळवाट नाही. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली किरणोत्सार संरक्षण नियम २००४ साली झाले. त्यांत स्पष्ट लिहिलं आहे की मालकानं प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याचा डोसचा आणि आरोग्य तपासणीचा अहवाल दर वर्षी द्यायचा, कर्मचाऱ्यानं मागितला की द्यायचा आणि नोकरी संपताना द्यायचा. नव्या माणसाला घेताना त्याच्या आधीच्या मालकाकडून त्याची नोंद मागवून घ्यायची. अठरा वर्षांखालच्या कोणाला या कामावर ठेवायचं नाही. नोकरीला लागताना आणि नंतर तीन वर्षांतून एकदा तरी वैद्यकीय तपासणी करायची. हे मी मुलांना वाचून दाखवते तेव्हा ती चकित होतात. त्यांना वाटत असतं, रिपोर्ट हा ऑफिसचा कागद.

शेतकऱ्याला सातबारा जसा स्वतःचा लागतो, तसा हा कागद काम करणाऱ्याचा आहे. मी ते मुंबईचं रुग्णालय सोडताना माझी नोंद मागितली. तिथे बॅज नियमानं येत आणि जात, त्याबद्दल तक्रार नाही. पण कागद कधी खाली आमच्यापर्यंत आला नव्हता. ऑफिसातल्या गृहस्थांनी मान वर करून विचारलं, “तुम्हाला काही झालंय का, म्हणून मागताय?” मी म्हटलं, “झालेलं नाही, हेच लेखी पाहिजे.” बऱ्याच खेपा घातल्यावर मिळाला. माझ्याबरोबरच्या कित्येकजणी तो न घेताच घरी गेल्या.

देशाच्या पातळीवर हे किती ढिलं होतं, ते महालेखापालांनी २०१२ साली संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात आहे. त्यात देशातली ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रं मोजली होती आणि त्यांतली ५,२७० च नियामक मंडळाच्या नोंदीत होती. म्हणजे शंभरातली ९१ बिननोंदीची. प्रत्येक राज्यात किरणोत्सार सुरक्षा संचालनालय असावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली सांगितलं होतं. अहवाल आला तोवर केरळ आणि मिझोराम या दोनच राज्यांनी ते केलं होतं. त्यानंतर ‘ई-लोरा’ ही ऑनलाइन परवाना पद्धत आली आणि नोंदणी पुष्कळ सुधारली, हे मान्य करायलाच हवं. पण यंत्र नोंदलं गेलं म्हणजे माणूस नोंदला गेला, असं होत नाही. माझा मुद्दा माणसाचा आहे.

आणि जालन्याचा म्हणून आणखी एक मुद्दा आहे. तो मला फार अस्वस्थ करतो. आमचं गाव सळईचं आहे. एमआयडीसीत भट्ट्या पेटलेल्या असतात, देशाच्या कानाकोपऱ्यातून आणि परदेशातून भंगार येतं, वितळतं, बिलेट होतात, रोलिंग मिलमधून सळई निघते आणि ती मराठवाड्यातल्या घराघरांच्या स्लॅबमध्ये जाते. किरणोत्सारी स्रोत असलेलं यंत्र म्हातारं झालं, विभाग बंद पडला, त्याची माहिती असलेला माणूस निवृत्त झाला, की ते कोपऱ्यातलं अवजड लोखंड होऊन बसतं. आणि लोखंड भंगारात जातं.

दिल्लीत हेच घडलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमासेल २२० नावाचा कोबाल्टचा इरॅडिएटर होता, कॅनडातून आणलेला. १९८५ पासून तो वापरात नव्हता. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याचा लिलाव झाला आणि तो मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचला. तिथल्या कामगारांनी शिसं सोलून काढलं, आतला स्रोत मोकळा केला. त्यांची कातडी काळी पडली, केस गेले. एकजण त्याच वर्षी एप्रिलमध्ये मरण पावला, बाकीचे कित्येक आठवडे रुग्णालयात होते. रक्तपेढीतल्या इरॅडिएटरचंच हे भावंड. प्रयोगशाळेसाठी घेतलेलं, एवढाच फरक. मायापुरीत कोणाच्याही छातीवर बॅज नव्हता. मुळात त्या यंत्राजवळ विद्यापीठात जी माणसं पंचवीस वर्षं ये-जा करत होती, त्यांच्यापैकी कोणाच्या नावाची नोंद चालू असती, दर तिमाहीला एक कार्ड त्या खोलीच्या नावानं येत राहिलं असतं, तर हे यंत्र जिवंत आहे हे कोणीतरी विसरलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. बॅजची फेरी चालू राहते तोवर यंत्राची आठवणही चालू राहते.

भट्टीत गेलं तर काय होतं, तेही जगानं पाहिलं आहे. मेक्सिकोत सिउदाद हुआरेझ इथे एका रुग्णालयाच्या गोदामात पडून असलेलं कोबाल्टचं उपचारयंत्र १९८३ साली भंगारात विकलं गेलं. कोबाल्टच्या हजारो बारीक गोळ्या लोखंडाबरोबर वितळल्या आणि त्याची सळई झाली. जानेवारी १९८४ मध्ये सळईनं भरलेला एक ट्रक अमेरिकेत लॉस अलामोसच्या अणुप्रयोगशाळेजवळ रस्ता चुकला आणि तिथल्या गेटवरचं यंत्र वाजलं, म्हणून हे उघडकीला आलं. नाहीतर कळलंच नसतं. ती सळई वापरलेली ८१४ घरं पूर्ण किंवा अंशतः पाडावी लागली. आपल्याही राज्यात याची चुणूक दिसली आहे. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला; ते स्टील खोपोलीच्या एका फाउंड्रीतून गेलं होतं. ती बटणं हाताळणाऱ्या फ्रान्समधल्या सुमारे २० कामगारांना १ ते ३ मिलिसिव्हर्ट डोस मिळाला असावा, असं तिथल्या अणुसुरक्षा यंत्रणेनं सांगितलं. त्या वीसजणांचा हिशोब लगेच मांडला गेला. भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या आपल्या माणसांचा हिशोबही तितक्याच तातडीनं मांडला गेला पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

म्हणून जालन्यातल्या स्टील उद्योजकांनाही विनंती आहे. भंगाराच्या गाड्या जिथे वजनकाट्यावर चढतात, तिथेच किरणोत्सार ओळखणारं फाटक बसवा. आणि काट्यावरच्या माणसाला ते वाजल्यावर काय करायचं ते शिकवा. त्या यंत्राचा खर्च भट्टीतल्या एका बाधित घाण्याच्या नुकसानीपुढे काहीच नाही. हुआरेझमध्ये जी साफसफाई करावी लागली, तिचा खर्च कोणत्याही उद्योजकाला झेपणारा नव्हता.

रुग्णालयासाठी तर एक चांगला मार्ग आहे. रक्ताला किरण द्यायला आता एक्स-रेवर चालणारी यंत्रं मिळतात. त्यांत स्रोत नसतो. वीज बंद केली की किरण बंद. फ्रान्स आणि नॉर्वे यांनी रक्तपेढ्यांतले सीझियमचे इरॅडिएटर काढून टाकले. अमेरिकेनं २०२७ च्या अखेरपर्यंत ते हटवण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. सिअॅटल शहरात मे २०१९ मध्ये संशोधनासाठी वापरलेला असाच एक सीझियमचा इरॅडिएटर काढून नेताना कॅप्सूल फुटली, १३ माणसं बाधित झाली आणि ती सात मजली इमारत दीर्घकाळ बंद ठेवावी लागली. त्या धड्याची किंमत त्यांनी मोजली आहे. एक्स-रेच्या यंत्राला देखभाल जास्त लागते, वीज भरवशाची लागते, ट्यूब बदलावी लागते. जालन्याच्या विजेचा अनुभव असलेल्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. तरीही आमच्या नव्या महाविद्यालयानं पहिलं यंत्र घेताना या पर्यायाचा आधी विचार करावा, असं मी आग्रहानं म्हणेन. कोबाल्ट किंवा सीझियमचं घेतलंच, तर स्रोत संपल्यावर तो परत कोण, कधी आणि कोणाच्या खर्चानं नेणार, हे खरेदीच्याच करारात लिहून घ्या. वीस वर्षांनी त्या खुर्चीत कोण असेल, हे कोणाला सांगता येणार नाही.

आणि बॅज खरेदीच्या यादीत यंत्राच्या खाली नको, यंत्राच्या वर हवा. आधी किती माणसं तिथे काम करणार ते मोजा, कायम आणि कंत्राटी दोन्ही. त्यांची नावं नोंदवा. रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर कोण ते ठरवा. मावशी-मामांना मराठीत शिकवा. मग यंत्राची पेटी उघडा. दर तिमाहीचा अहवाल नोटीस बोर्डावर नको, प्रत्येकाला वेगळा, सही घेऊन द्या.

जिल्ह्यात आज जी मुलंमुली एक्स-रे, सीटी, सी-आर्म किंवा रक्तपेढीत काम करताहेत, त्यांना शेवटी एक सांगणं. तुमचा टीएलडी क्रमांक पाहा आणि वहीत लिहून ठेवा. बॅज एप्रनच्या आत, छातीच्या उंचीवर लावा, आणि ड्यूटी संपली की यंत्राच्या खोलीबाहेर, कंट्रोल कार्डाजवळ ठेवा. दुसऱ्याला वापरायला देऊ नका. मग आपल्या रुग्णालयाला साध्या मराठीत एक अर्ज करा: किरणोत्सार संरक्षण नियम २००४ नुसार माझ्या डोसची आजवरची नोंद आणि आरोग्य तपासणीचा अहवाल मला द्यावा. बॅजच मिळाला नसेल तर तसं लिहा. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या आणि ती घरी जपून ठेवा.